जन्माचा दाखला : आधी कचेरी शोधा, मग अर्ज करा



जून महिना तोंडावर आला की गट ऑफिसात ऊस नोंदीइतकीच आणखी एका नोंदीची विचारपूस सुरू होते. ‘साहेब, पोराला शाळेत घालायचंय, जन्माचा दाखला कुठं मिळंल?’ लागवडीची नोंद कोणत्या तारखेला झाली ते आपल्या सभासदाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं, कारण त्या तारखेवर तोड ठरते. पोराच्या नोंदीबाबत मात्र ती झाली की नाही, झाली तर कोणत्या गावी, याचाच पत्ता नसतो. मग तहसीलला एक हेलपाटा, पंचायत समितीला दुसरा, एजंटाला शे-दोनशे, असा खेळ सुरू होतो.

खरं तर एक गोष्ट पक्की ध्यानात धरली तर निम्मे हेलपाटे वाचतात. ऊस ज्या शिवारात उभा, त्या गटात त्याची नोंद. मालक राहायला कुठंही असो. जन्माचंही तसंच आहे. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. त्या कायद्याने नोंद होते ती जन्म जिथं झाला त्या ठिकाणी. बापाचं गाव, रेशनकार्डावरचं गाव, आधारवरचं गाव यांचा तिथं संबंध नाही. ती गावं फक्त पत्त्याच्या रकान्यात येतात.

आता आपल्याकडची रीत बघा. पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे सून आपली, नातू आपला, पण नोंद सुनेच्या माहेरच्या ग्रामपंचायतीत. ती तालुक्याच्या गावी दवाखान्यात बाळंत झाली असेल तर माहेरीही नाही आणि सासरीही नाही, त्या तालुक्याच्या नगरपालिकेत. आजोबा आपल्याच ग्रामपंचायतीत वर्षानुवर्षांची रजिस्टरं उलटायला लावतात आणि ‘नोंद सापडत नाही’ म्हणून ग्रामसेवकावर रागावतात. त्यात ग्रामसेवकाचा काय दोष? (२०२४ पासून या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण गावात अजून ग्रामसेवकच चालतं, म्हणून इथंही तेच लिहिलं आहे.)

गावात नोंदणीचा निबंधक म्हणजे ग्रामसेवक. शहरात नगरपालिका किंवा महानगरपालिका. काही सरकारी दवाखान्यांतच निबंधक नेमलेले असतात, तिथं दाखला दवाखान्यातच मिळतो. म्हणून बाळंतिणीला सुट्टी होण्याआधी विचारून घ्यावे की नोंद कुठे पाठवणार आणि दाखला कुठून घ्यायचा. दवाखान्यात झालेल्या जन्माची खबर देणे हे दवाखान्याचे काम आहे, घरी झालेल्या जन्माची खबर घरच्या कर्त्या माणसाने द्यायची. दवाखान्याचे डिस्चार्ज कार्ड म्हणजे जन्माचा दाखला नव्हे. ते पुरावा म्हणून उपयोगी पडते, सांभाळून ठेवा, पण शाळेत ते दाखल्याच्या जागी चालणार नाही.

खबर द्यायची मुदत २१ दिवस. या मुदतीत नोंद केली तर फी नाही, आणि खबर देणाऱ्याला पहिला दाखला फुकट मिळतो. इथं बहुतेकांचं घोडं अडतं ते बारशापाशी. ‘नाव ठेवलं नाही, मग नोंद कशी करायची?’ नोंदीला नाव लागत नाही. मुलगा की मुलगी, तारीख, ठिकाण, आई-बापाचं नाव एवढ्यावर नोंद होते. नाव मागाहून घालता येतं : १२ महिन्यांच्या आत फुकट, पुढे १५ वर्षांपर्यंत थोडी फी भरून. बारशाची वाट बघून २१ दिवस घालवू नका. नोंद आधी, बारसं सवडीने.

मुदत हुकली तरी दार बंद होत नाही, जड होत जातं. २१ ते ३० दिवसांत विलंब फी भरून निबंधकच नोंद करतो. ३० दिवस उलटले आणि वर्ष व्हायचं असेल तर जिल्हा निबंधकाची किंवा नेमलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटलं की पूर्वी फौजदारी कोर्टाचा आदेश आणावा लागे. १ ऑक्टोबर २०२३ पासून कायद्यातली दुरुस्ती लागू झाली. आता हा आदेश जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हादंडाधिकाऱ्यांनी अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी देतात, तेही खरंखोटं तपासून. २०२५ साली राज्यात अशा उशिरा झालेल्या नोंदींची कडक तपासणी झाली आणि नायब तहसीलदारांच्या सहीने निघालेले आदेश रद्द करण्याच्या सूचना निघाल्या. ज्यांच्याकडे त्या काळातला असा दाखला असेल, त्यांनी तो चालू आहे का याची तहसीलला चौकशी करून ठेवावी. एजंटाने ‘आठ दिवसांत आणून देतो’ म्हटलेला कागद पुढे नातवाच्या गळ्याशी येतो.

त्या २०२३ च्या दुरुस्तीत आणखी एक मोठी गोष्ट आहे. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, मतदार यादी, वाहन परवाना, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी, आधार अशा कामांत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला धरायचा आहे. पासपोर्टलाही त्यांच्यासाठी हाच. आपल्या पिढीला गुरुजींनी अंदाजाने १ जून तारीख घातली आणि आपलं निभावलं. अर्ध्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी! या पोरांचं तसं निभावणार नाही.

आता ज्याच्यासाठी हा लेख मुद्दाम लिहायला घेतला ते सांगतो. बीड जिल्ह्यातून, पाथर्डी-शेवगाव भागातून कोयते आपल्या कार्यक्षेत्रात येतात. दिवाळीच्या सुमारास येतात ते मार्च-एप्रिलपर्यंत राहतात. पाच-सहा महिन्यांत फडावर, अड्ड्यावर, कोपीत बाळंतपणं होतात. पट्टा पडला की टोळी गाडी भरते आणि निघून जाते. पुढे ते पोर गावी शाळेत जायला लागलं की गुरुजी दाखला मागतात. गावच्या ग्रामपंचायतीत नोंद नसते, असणारच नाही, कारण जन्म इथं झाला. इथं कुणी नोंदवलेला नसतो. आई-बापाला मजुरी बुडवून दोनशे-तीनशे किलोमीटर यायचं, तेही वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्याच्या दारात. आणि विचारलं, ‘नेमकं कुठल्या गावच्या हद्दीत?’ तर त्या माणसाला गावाचं नावसुद्धा सांगता येत नाही. तो मुकादमाचं नाव सांगतो आणि कारखान्याचं नाव सांगतो.

म्हणून ज्याच्या रानात किंवा ज्याच्या वस्तीजवळ कोप्या आहेत त्या सभासदाने एवढं करावं. बाळंतपण झालं की आशाताईला किंवा अंगणवाडीताईला लगेच कळवावं. बाळाच्या बापाबरोबर एक चक्कर ग्रामपंचायतीत मारावी. जागेचा गट नंबर, गावाचं नाव, जन्माची तारीख आणि वेळ कागदावर लिहून द्यावी. ‘तुम्ही आमच्या गावचे नाही, तुमच्या गावी नोंदवा’ असं उत्तर कुठे मिळालं तर ते कायद्यात बसत नाही, हे नम्रपणे पण ठामपणे सांगावं. प्रवासात, ट्रकमध्ये किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत जन्म झाला तर गाडी पहिल्यांदा जिथं थांबेल तिथं गाडीवाल्याने खबर द्यायची, असाही नियम आहे. टोळी निघायच्या आत दाखला बापाच्या हातात पडला पाहिजे. मुकादमाच्या पिशवीत नको.

नोंद आहे पण चुकीची आहे, ही निराळी गत. आईचं नाव दवाखान्यात माहेरचं लागतं आणि बाकी कागदावर सासरचं. आडनावात काना-मात्रा फिरते. लिहिण्यातली चूक निबंधक पुरावा बघून दुरुस्त करतो. मजकुरातली चूक असेल तर अर्जदाराचं निवेदन आणि हकिकत माहीत असलेल्या दोन विश्वासू माणसांचं निवेदन लागतं. मूळ नोंद खोडत नाहीत, समासात दुरुस्ती लिहून सही करतात. म्हणून ‘नवीन नोंद करून टाकू’ या सल्ल्याला लागू नका. एका पोराच्या दोन नोंदी झाल्या की दोन्ही संशयात जातात. १ मे २०२४ नंतरच्या मुलांचं नाव सरकारी कागदावर आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असं लिहायचं आहे. तेव्हा आईचं नाव सुरुवातीलाच नीट सांगा.

जुन्या मंडळींचं काय? जुन्या काळच्या गावोगावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये आहेत. ही दप्तरं तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात आणि नकलेसाठी अर्ज तिथं द्यायचा. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध निघाला तेव्हा हीच रजिस्टरं बाहेर काढली होती. त्यांत बहुधा मुलाचं नाव नसतं, ‘अमक्यास मुलगा झाला’ एवढंच असतं. काही मोडीत आहेत, वाचणारा माणूस बरोबर न्यावा लागतो. शोधाची फी वर्षागणिक वाढते, म्हणून अंदाजाचं साल ठरवून जा.

नोंद सापडलीच नाही तर रिकाम्या हाताने परतू नका. तसे लिहिलेले अनुपलब्धता प्रमाणपत्र मागून घ्या. पुढच्या आदेशासाठी पहिला कागद तोच लागतो. त्याच्या जोडीला लसीकरणाचं कार्ड, माता-बाल संरक्षण कार्ड, शाळेतला प्रवेश उतारा, जे असेल ते. अर्जाची पोहोच घेतल्याशिवाय कचेरी सोडू नये. मुदतीत दाखला दिला नाही तर लोकसेवा हक्क कायदा २०१५ प्रमाणे वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं, आणि तिथं ती पोहोचच उपयोगी पडते.

अर्ज साध्या कागदावर चालत असेल तिथं असा लिहावा :

‘मा. निबंधक, जन्म-मृत्यू नोंदणी, ग्रामपंचायत ......, यांस. माझा मुलगा / मुलगी ...... याचा जन्म दि. ...... रोजी आपल्या हद्दीत ...... येथे (दवाखान्याचे नाव अगर गट नंबर) झाला आहे. आईचे पूर्ण नाव ......, वडिलांचे पूर्ण नाव ......, जन्मावेळचा पत्ता ......, कायमचा पत्ता ...... . नोंद शोधून दाखल्याच्या ...... प्रती मिळाव्यात. नोंद नसल्यास तसे प्रमाणपत्र मिळावे. नियमाप्रमाणे फी भरण्यास तयार आहे.’

खाली सही, तारीख, फोन नंबर, आणि बाळाशी नातं काय ते.