खोल पाण्यांतून जीप नेण्यापूर्वीं करावयाची तयारी

मृग नक्षत्र निघालें कीं नदीकांठच्या व ओढ्यापलीकडे शेत असणाऱ्या शेतकऱ्यांची जुनी विवंचना पुन्हा सुरू होते. कोल्हापुराकडील कित्येक ठिकाणीं कोल्हापुरी पद्धतीचा बंधारा हाच लोकांचा जाण्यायेण्याचा रस्ता असतो. त्यावरून पाणी वाहूं लागलें म्हणजे घर अलीकडे व गोठा पलीकडे अशी स्थिति होते. पूर्वीं अशा वेळीं बैलगाडी असे. बैल पाण्याचा अंदाज स्वतः घेई, आणि मन न धजल्यास पाय रोवून उभा राही. मग धन्यानें कितीही शेपटी पिळली तरी व्यर्थ. जीपगाडीस ही अक्कल नाहीं. ती घालाल तेथें जाते. म्हणून चारही चाकांना ओढ असणारी गाडी ज्यांच्या दाराशीं आहे अशा शेतकरी बंधूंसाठीं या विषयाची थोडी सविस्तर माहिती येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम आमचीच फजिती सांगतों. तीन वर्षांपूर्वीं श्रावणांत आम्ही सकाळच्या दुधाचे चाळीस लिटरचे बारा कॅन घेऊन ओढ्यांत जीप घातली. पाणी गुडघ्याहून थोडें वर होतें. मध्यावर एक खळगा लागला, पुढील भाग खालीं गेला, पाण्याची लाट बॉनेटवर आली आणि इंजिन बंद पडलें. दूध नासेल या घाईनें आम्हीं लागलीच चावी फिरविली. ‘टक्’ असा एक कोरडा आवाज झाला व पुढें कांहींच नाहीं. आणखी एकदां फिरविली. तेव्हां तोही आवाज झाला नाहीं. दूध गेलें तें गेलेंच, पण इंजिन उघडल्यावर मिस्त्रीनें वांकलेला कनेक्टिंग रॉड आमच्या हातांत ठेविला. त्या एका चावीपायीं आमचें दोन महिन्यांचें दुधाचें बिल गेलें. गाडी बंद पडली हें दैव म्हणूं, पण चावी फिरविली हा सर्वस्वी आमचा अडाणीपणा.

असें कां व्हावें, तें पाहूं. इंजिनाच्या सिलिंडरांत दट्ट्या वर येतो तेव्हां आंतील हवा दाबली जाते. हवा दबते, पाणी दबत नाहीं. दोन लिटरच्या चार सिलिंडरी डिझेल इंजिनांत एका सिलिंडरचें आकारमान 500 घनसेंटिमीटर असतें. दाबाचें प्रमाण 17 धरल्यास दट्ट्या अगदीं वर आला असतां त्याच्या डोक्यावर राहणारी जागा सुमारें 31 घनसेंटिमीटर भरते. म्हणजे जेमतेम दोन मोठे चमचे. इतकेंच पाणी हवेच्या वाटेनें आंत गेलें तरी दट्ट्यास वर जाण्यास जागा उरत नाहीं, आणि त्याला ढकलणारा रॉड वांकतो किंवा मोडतो. पेट्रोल इंजिनांत दाबाचें प्रमाण कमी असल्यानें ही जागा थोडी अधिक असते, परंतु परिणाम तोच. गाडी पाण्यांत बुडाल्यानें इंजिन मोडत नाहीं. पाणी ओढून घेतल्यानें मोडतें.

तेव्हां पहिला प्रश्न, आपली गाडी श्वास कोठून घेते? बॉनेट उघडून हवेच्या नळीचें तोंड शोधावें व जमिनीपासून त्याची उंची टेपानें मोजून ठेवावी. कारखानदार किती खोल पाण्यांतून गाडी न्यावी याचा आंकडा देतात. 2020 सालीं निघालेल्या महिंद्र ‘थार’ला तो 650 मिलिमीटर, आणि 2021 सालीं निघालेल्या फोर्स ‘गुरखा’ला 700 मिलिमीटर आहे. हे आंकडे संथ पाण्याचे व सांवकाश चालीचे समजावे. वेगानें गाडी घातल्यास पुढें उठणारी लाट हातभर वर चढते.

हवेचें तोंड छतापर्यंत उंच नेणारी नळी, जिला स्नॉर्केल म्हणतात, ती ‘गुरखा’ गाडीस कारखान्यांतूनच बसवून येते. इतर गाड्यांना बाजारांतून आणून बसवितां येते. पण नुसती नळी उभी दिसली म्हणून गाडी पाण्यास सिद्ध झाली असें समजणें म्हणजे छत्री घेऊन नदींत उतरण्यासारखें आहे. नळीपासून इंजिनापर्यंतचा एकूणएक सांधा पाणबंद असावा लागतो. हवेच्या गाळणीच्या डब्यास तळाशीं पाणी व धूळ बाहेर जाण्यासाठीं एक भोंक किंवा रबरी झडप असते. तिच्याकडे बहुधा कोणाचेंच लक्ष जात नाहीं आणि पाणी नेमकें तेथूनच शिरतें. कसोटी अगदीं सोपी आहे. इंजिन मंद चालूं ठेवून स्नॉर्केलच्या तोंडावर तळहात घट्ट दाबून धरावा. सर्व सांधे पक्के असल्यास इंजिन गुदमरून बंद पडतें किंवा पडण्याच्या बेतास येतें. तें खुशाल चालत राहिलें तर कोठून तरी चोरून हवा घेत आहे, आणि जेथून हवा तेथून उद्यां पाणी.

आतां ज्या गोष्टीची हेळसांड सर्वांत अधिक होते तिच्याकडे वळूं. पुढच्या व मागच्या आंसाचे पेटारे, गिअरपेटी आणि दोन्ही आंसांना ओढ वांटून देणारी पेटी, या सर्वांत तेल असतें. गाडी चालून तेल तापतें तेव्हां आंतील हवा फुगते. तिला बाहेर पडण्यासाठीं प्रत्येक पेटाऱ्यावर एक बारीक श्वासनळी असते. मिस्त्री तिला ब्रीदर म्हणतात. तापलेला पेटारा एकदम थंड पाण्यांत गेला म्हणजे आंतील हवा आकसते व बाहेरून कांहींतरी ओढून घेऊं पाहते. तुमडी लावतांना होतें तेंच येथें होतें. श्वासनळीचें तोंड पाण्याखालीं असलें तर ती पाणी पिते. गाळानें चोंदलेलें असलें तर आंसाच्या टोकाच्या सीलमधून पाणी आंत खेंचलें जातें. तेलांत पाणी मिसळून तें दुधाच्या चहासारखें दिसूं लागतें, दांत्यांवरील वंगण जातें, आणि दोन-तीन महिन्यांनीं, ओढा कोरडा पडल्यावर, बेअरिंग कुरकुरूं लागतात. तोंवर कारण कोणाच्या ध्यानींमनींही उरत नाहीं. उपाय स्वस्त आहे. प्रत्येक श्वासनळीस तेलास टिकणारी रबरी नळी जोडावी, ती कोठें दुमडणार अथवा तापलेल्या धुराड्यास लागणार नाहीं अशा बेतानें वर न्यावी, आणि तिचें तोंड बॉनेटखालीं शक्य तितकें उंच, खालच्या बाजूस वळवून बांधावें. शिवाय पाण्याच्या कांठीं पोंचल्यावर दहा-पंधरा मिनिटें गाडी निवूं द्यावी. तेवढ्यांत पाणी पाहून होतें.

पंखा पट्ट्यावर चालणारा असल्यास पाण्यांत त्याचीं पातीं पुढें वांकून रेडिएटर कापूं शकतात. पट्टा सैल करावा, आणि विजेचा पंखा असेल तर त्याची जोडणी तेवढ्यापुरती काढावी. पुढील जाळीवर ताडपत्री ताणून बांधल्यास बॉनेटखालीं पाणी कमी येतें, मात्र हा लाभ गाडी पुढें चालत आहे तोंपर्यंतच. बॅटरी आवळून बसवावी. जुन्या पेट्रोल गाडीचा डिस्ट्रिब्यूटर व प्लगच्या तारा यांस विजेच्या कामाचें ग्रीस लावून त्या झांकाव्या. 6 जून 1944 रोजीं नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरविलेल्या लष्करी गाड्यांची सिद्धता याच तत्त्वावर केलेली होती: हवेचीं तोंडें उंच नेलेलीं व विजेचे भाग ग्रीससारख्या लेपानें लिंपलेले. नव्या गाड्यांत इंजिनाचें नियंत्रण करणारी विजेची पेटी असते. ती कोठें बसविली आहे हें विक्रेत्यास अवश्य विचारावें. ती खालीं असेल तर बाकीची तयारी कितीही केली तरी खोल पाण्याचा नाद सोडावा.

येथवर इंजिनाचें झालें. परंतु माणसें दगावतात तीं गाडी वाहून गेल्यामुळें, आणि हें गणित फार थोडे लोक करतात. गाडीचा तळ साडेतीन मीटर लांब व दीड मीटर रुंद धरला, तर तळाच्या वर चढणारें दर 10 सेंटिमीटर पाणी गाडीस सुमारें 525 किलोनें उचलतें. पावणेदोन टनांची गाडी तळाच्या वर 33 सेंटिमीटर पाणी आलें कीं तरंगूं लागते. आणि त्याच्या निम्मेंच पाणी असतांना चाकांची पकड निम्मी झालेली असते. दारांचीं रबरें जितकीं घट्ट, तितकी गाडी नावेसारखी. त्यांत प्रवाहाचा वेग दुप्पट झाला म्हणजे त्याचा रेटा चौपट होतो. यासाठीं आमचा नियम असा कीं, जें पाणी कोणी पट्टीचा माणूस कमरेस दोर बांधून, हातीं काठी घेऊन, चालून पार करूं शकत नाहीं त्यांत गाडी घालावयाची नाहीं. गढूळ पुराचें पाणी बंधाऱ्यावरून वाहत असेल तर पायींही उतरूं नये. खालचा दगड जागेवर आहे कीं नाहीं हें वरून दिसत नाहीं.

पाणी चालून पाहिलेलें असल्यास मागच्या आंकड्यास दोर आधींच अडकवून ठेवावा. पाण्यांत बुडून आंकडा शोधणें हें कठीण काम आहे. कांचा खालीं कराव्या. 26 जुलै 2005 रोजीं मुंबईत सांताक्रूझ येथें एका दिवसांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, त्या वेळीं पाण्यानें वेढलेल्या बंद मोटारींत अडकून कांहीं माणसें गुदमरून मेलीं. बाहेरून पाण्याचा दाब आला म्हणजे दार उघडत नाहीं, आणि विजेवर चालणाऱ्या कांचा तर भरंवशाच्या नव्हेतच. चारही चाकांची ओढ व लघु गिअर लावून, पहिल्या किंवा दुसऱ्या गिअरमध्यें, माणसाच्या चालीनें पाण्यांत शिरावें व तीच चाल राखावी. मध्यें गिअर बदलूं नये. क्लच दाबला कीं चकत्यांमध्यें पाणी जाऊन त्या घसरतात. धुराडें पाण्याखालीं गेलें तरी इंजिन चालूं आहे तोंवर भय नाहीं.

आणि बंद पडलें तर? चावीस हात लावूं नये. दोरानें गाडी बाहेर ओढावी, ओढतांना गिअर मोकळा ठेवावा. हवेची गाळणी ओली आहे काय तें पाहावें. ओली असल्यास डिझेल गाडीचे इंजेक्टर किंवा ग्लो प्लग, पेट्रोल गाडीचे स्पार्क प्लग काढून इंजिन हातानें फिरवावें, म्हणजे पाणी त्या भोंकांतून उडून जातें. इंजिनाचें तेलही पाहून, पांढुरकें झालें असल्यास बदलून मगच सुरू करावें.

पार झाल्यावर थोडें अंतर ब्रेक हलके दाबून चालावें, म्हणजे ते सुकतात. घरीं आल्यावर रेडिएटरच्या जाळींतील गाळ व चाकांच्या आंतील चिखल धुवावा आणि ग्रीसचे सर्व सांधे नवें ग्रीस बाहेर दिसेपर्यंत भरावे. पेटाऱ्यांची तपासणी मात्र त्याच रात्रीं न करतां दुसऱ्या दिवशीं सकाळीं, गाडी हलविण्यापूर्वीं करावी. पाणी तेलाहून जड असल्यानें रात्रभर तळाशीं बसतें. खालचा बूच थोडासा सैल करून वाटी धरली कीं पाणी असल्यास तें प्रथम येतें, मागून तेल. पाणी आलें तर सर्व तेल काढून नवें भरावें, आठवड्यानें पुन्हा वाटी धरून पाहावी, आणि दुसऱ्या खेपेसही पांढुरकें दिसल्यास सील बदलून घ्यावें.