इंजिनाची नाडी : क्रँकशाफ्ट-सेन्सर कसा शोधावा व कसा बदलावा

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आम्ही घरचे पांचजण मोटारीनें वाईहून पांचगणीस चाललों होतों. पसरणीचा घाट निम्मा चढून होतो न होतो तोंच इंजिन एकाएकीं बंद पडलें. आचके नाहींत, धूर नाहीं, खडखड नाहीं. दिव्यावर फुंकर मारावी तसें तें विझलें. सुकाणूचें चाक जड झालें, आणि ब्रेक दोनतीन वेळां दाबतांच त्याचें पेडल दगडासारखें घट्ट झालें. कारण आमच्या गाडींत या दोहोंस जें साहाय्य मिळतें तें इंजिन चालू असेपर्यंतच. मागून एस. टी. येत होती. हातब्रेक ओढून, चाकांमागें दगड लावून आम्ही उतरलों व मुलांना डोंगराच्या कडेस उभें केलें. अर्ध्या तासानें किल्ली फिरविली, तों कांहीं घडलेंच नाहीं अशा थाटांत इंजिन सुरू झालें!

पुण्यास आल्यावर एका गॅरेजांत पेट्रोलचा पंप बदलण्यांत आला. पंधरा दिवसांनीं पुन्हां तोच प्रकार. मग इग्निशन कॉइल बदलली, फळ तेंच. अखेर दोष सांपडला तो अंगठ्याएवढ्या एका वस्तूंत. तिचेंच वर्णन येथें करावयाचें योजिलें आहे.

सिलिंडरांत इंधन जळतें, त्याच्या जोरानें दट्ट्या खालीं ढकलला जातो, आणि या खालवर होणाऱ्या गतीचें चक्राकार गतींत रूपांतर करणारा जो वांकडा दंड त्यास क्रँकशाफ्ट म्हणतात. दट्ट्या वरच्या टोंकास पोंचण्याच्या किंचित् आधीं ठिणगी पडली पाहिजे; हा मुहूर्त थोडा चुकला तरी जोर वायां जातो. पूर्वीं हें काम यांत्रिक रीतीनें होत असे. मुंबईच्या रस्त्यांवरून ऑक्टोबर २०२३ मध्यें जिनें निरोप घेतला त्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सींत ‘डिस्ट्रिब्यूटर’ नांवाची एक डबी असे. तींतील ‘पॉइंट’ उघडले कीं ठिणगी पडे, आणि ते काळवंडले तर टॅक्सीवाला रस्त्याच्या कडेसच ते पॉलिशपेपरनें घांसून पुढें जाई. सन २००० च्या सुमारास धुरावरील निर्बंध कडक झाले, कार्बुरेटर जाऊन त्याच्या जागीं इंधनाची मोजून पिचकारी मारणारी, संगणकाच्या आज्ञेंत चालणारी पद्धति आली, आणि मुहूर्त पाहण्याचें काम या सेन्सराकडे आलें.

क्रँकशाफ्टबरोबर एक दांतेरी चाक फिरत असतें. पुष्कळ गाड्यांत त्याच्या परिघाचे ६० भाग पाडून ५८ दांत ठेवलेले व लगतचे दोन मुद्दाम गाळलेले असतात. म्हणजे एक घर ६ अंशांचें. या दांतांसमोर सुमारें एक मिलिमीटरवर सेन्सराचें टोंक येतें. आंत लोहचुंबक व त्याभोंवतीं तांब्याच्या केसासारख्या बारीक तारेचें वेटोळें. लोखंडी दांत समोरून गेला कीं चुंबकीय क्षेत्र बदलतें आणि वेटोळ्यांत क्षणिक वीज उत्पन्न होते. विज्ञानाच्या तासास आपण जें फॅरडेचें १८३१ सालचें तत्त्व शिकतों तेंच हें. गाळलेल्या दांतांपाशीं लयींत खंड पडतो, व त्या खुणेवरून संगणकास दंडाची नेमकी स्थिति समजते. इंजिन मिनिटास ३००० फेरे घेत असेल तर सेकंदास ५० फेरे, म्हणजे या चाकाचीं ३००० घरें दर सेकंदास सेन्सरासमोरून सरकतात. वैद्यानें नाडीवर बोट ठेवावें तसा हा सेन्सर अहोरात्र उष्णता, तेल व कंप सोशीत बसलेला असतो. तो बिघडतो याचें नवल नसून इतकीं वर्षें टिकतो याचेंच वाटतें. कांहीं गाड्यांत याऐवजीं १८७९ सालीं एडविन हॉल यानें शोधलेल्या परिणामावर चालणारा सेन्सर असतो. त्यास बहुधा तीन तारा असतात व बाहेरून वीज पुरवावी लागते.

आतां आमचें इंजिन आचके न देतां कां विझलें हें ध्यानांत येईल. पेट्रोल कमी पडूं लागलें तर इंजिन बहुधा धडपडत, अडखळत थांबतें. नाडीच लागेनाशी झाली म्हणजे संगणक ठिणगी व पिचकारी दोन्ही एकदम बंद करतो. गरम झाल्यावर बंद पडणें व निवाल्यावर चालू होणें ही दुसरी खूण. वेटोळ्याच्या तारेंत किंवा सांध्यांत सूक्ष्म चीर असली तर ती उष्णतेनें उघडते व निवतां पुन्हां टेकते. तिसरी खूण सर्वांत सोपी. स्टार्टर इंजिन फिरवीत असतांना फेरे दाखविणारा कांटा किंचित् हालतो कीं शून्यावर मेल्यासारखा पडून राहतो तें पाहावें. सर्वच गाड्यांत ही परीक्षा लागू पडत नाहीं, पण तिला पैसा लागत नाहीं. संगणकाची नोंद वाचण्याचें उपकरण मिळाल्यास ‘पी ०३३५’ हा संकेत आढळतो. आमच्या गाडींत तो नोंदलेला होताच. आधीं कोणी वाचला असता तर पंपाचा खर्च वांचला असता. मात्र हा संकेत सेन्सराच्या सर्व वाटेचा दोष सांगतो, एकट्या सेन्सराचा नव्हे.

म्हणून आधीं वाट तपासावी. सेन्सर कोठें असतो हें गाडीगणिक बदलतें : कांहींत पुढें, पट्टा फिरविणाऱ्या पुलीजवळ, कांहींत मागें, इंजिन व गिअरबॉक्स यांच्या सांध्यापाशीं फ्लायव्हीलवर रोखलेला. निर्मात्याच्या पुस्तकांत जागा दिलेली असते. तेथून निघालेली तार हातानें चांचपीत जावें. उंदरानें कुरतडली आहे काय, सायलेन्सरच्या नळीस लागून वितळली आहे काय, कनेक्टरांत पाणी शिरून हिरवा गंज चढला आहे काय, हें पाहावें. चुंबकाच्या टोंकास लोखंडाचा कीस चिकटल्यानेंही घोटाळा होतो.

मग मल्टिमीटर. किल्ली बंद करून कनेक्टर काढावा व दोन तारांच्या सेन्सराचा रोध मोजावा. तो पुष्कळदां कांहींशें ते हजारभर ओहम असतो; खरा आंकडा पुस्तकांतला. मीटर अनंत दाखवील तर तार तुटली, शून्य दाखवील तर आंतल्या आंत चिकटली. तीन तारांच्या हॉल-सेन्सराचा रोध मोजूं नये. किल्ली चालू करून त्यास वीज व अर्थ मिळते काय एवढें पाहावें. गरम झाल्यावरच रुसणारा सेन्सर थंड असतां अगदीं निर्दोष दिसतो, म्हणून गाडी बंद पडली असेल त्याच वेळीं मोजावें, हें विसरूं नये.

बदलण्यास विशेष कौशल्य लागत नाहीं, सावधगिरी लागते. इंजिन निवूं द्यावें, बॅटरीची ऋण तार सोडावी. खालून काम असेल तर सपाट जागीं चाकांस अडण्या लावून गाडी उचलावी व मजबूत स्टँडवर टेकवावी. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखालीं कोणीही, क्षणभरसुद्धां, जाऊं नये. मुलांनीं तर हें काम थोरांच्या देखरेखीखालींच करावें. सेन्सर बहुधा एकाच बोल्टानें बसविलेला असतो. बोल्ट निघाला तरी रबरी कडें घट्ट धरून ठेवतें. अशा वेळीं पकडीनें हिसका न देतां थोडें तेल सोडून डावीउजवीकडे हलकेंच फिरवीत काढावा, नाहींतर तुटून अर्धा भाग आंत राहतो. जुना व नवा शेजारीं ठेवून लांबी व कनेक्टर जुळवावे. नव्याच्या कड्यास इंजिनाच्या तेलाचें बोट लावून तो हातानें पूर्ण बसवावा. बोल्टानें खेंचून बसवूं नये. बोल्ट पुस्तकांत सांगितला तेवढाच आवळावा, तार जुन्याच चिमट्यांतून न्यावी. कांहीं गाड्यांत शेवटीं उपकरणानें संगणकास नव्या सेन्सराची ओळख करून द्यावी लागते.

आमचा जुना सेन्सर मीं टाकून दिला नाहीं. पिशवींत घालून त्यास गरम पाण्यांत बुडविलें व मीटर लावला. थंड असतां ८६० ओहम होते. तांबें तापेल तसा आंकडा संथपणें चढत हजाराच्या आसपास पोंचला, आणि एकदम नाहींसा झाला. पाणी निवल्यावर तो पुन्हां दिसूं लागला.