गाडी आपल्या मापाची करा

घरात मोटारसायकल एक असते, चालवणारे दोघे-तिघे असतात. मुलगा उंच, सून ठेंगणी. मुलाला बरोबर बसणारी गाडी सुनेला मोठी होते. गाडी धावताना हे कळत नाही. कळते ते थांबताना. पाय टेकायला जावा, तर तो जमिनीपर्यंत पोचत नाही. १०० किलोहून जड गाडी एकदा कलली की सावरत नाही.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, अशी म्हण आहे. इथे मात्र पाय पाहून अंथरूण करायचे.

आधी माप घ्या. दुसऱ्याने गाडी धरावी. आपण वर बसावे. दोन्ही पायांचे चवडे जमिनीवर नीट टेकतात का? हँडल धरल्यावर कोपरे थोडी वाकलेली राहतात का? हात ताठ होत असतील, तर हँडल लांब पडते.

पहिले काम हँडलचे. पुष्कळ गाड्यांचे हँडल म्हणजे वाकवलेली नळी. ती ४ बोल्टांनी आवळलेली असते. बोल्ट सैल करा. हँडल थोडे आपल्याकडे फिरवा. मग चारही बोल्ट सारखे आवळा. आता गाडी न्यूट्रलमध्ये चालू करा आणि हँडल दोन्ही बाजूंना पुरते वळवा. केबल ताणता कामा नये. मूठ टाकीला लागता कामा नये. इंजिनाचा आवाज आपोआप वाढला, तर रेसची केबल ओढली जाते. मग हँडल थोडे मागे घ्या.

दुसरे काम सीटचे. सीट शिवणाऱ्याकडून आतला फोम कमी करून घ्या. पुढची बाजू अरुंद करायला सांगा. मांड्या फाकत नाहीत, पाय सरळ खाली जातो. फोम एकदम फार कापू नका. कापलेला परत येत नाही, आणि खालचा पत्रा कंबरेला लागतो.

तिसरे काम मागच्या शॉकअपचे. पुष्कळ गाड्यांत त्यावर खाचांचे कडे असते. दोन्ही बाजूंचे कडे सारखेच नरम खाचेवर आणले, की बसल्यावर गाडी थोडी जास्त दबते. मागे माणूस किंवा पोते असेल, तेव्हा मात्र कडे पुन्हा कडक करा.

स्वतःला जमत नसेल, तर मिस्त्रीकडून करून घ्या. दोन दिवसांनी बोल्ट पुन्हा तपासा. आरसेही नव्याने लावा. मग मोकळ्या मैदानात थांबण्याचा सराव करा. डावा पाय जमिनीवर, उजवा ब्रेकवर.

दवाखाना असो की बाजार, गाडी मोठी म्हणून सुनेने कुणाची वाट पाहत बसू नये. गाडी तिच्या मापाची करता येते.