कुलरचा स्मार्ट प्लग ‘ऑफलाइन’ झाला तर?

चंद्रपुरात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, आणि नेमका तेव्हाच कुलरचा स्मार्ट प्लग मोबाईलवर ‘ऑफलाइन’ दिसतो. घरी आजी एकटी असली की जीव टांगणीला लागतो. अशा वेळी मी काय बघतो, ते सांगतो.

आधी आजीला फोन. नेट नसलं तरी प्लगवरचं बटण दाबून कुलर सुरू करता येतो. मग राउटर. लाईट आल्यावर त्याला नेट पकडायला दोन-चार मिनिटं लागतात, तेवढं थांबा. तरीही जमलं नाही तर वाय-फाय बघा. बहुतेक प्लग फक्त 2.4 गिगाहर्ट्‌झवर चालतात, 5 वर नाही. आणि पासवर्ड बदलला असेल तर प्लग नव्याने जोडावा लागतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लाईट आली की कुलर आपोआप सुरू व्हावा, अशी सेटिंग बऱ्याच प्लगमध्ये असते. सोयीची आहे, पण त्याच वेळी आजी टाकीत पाणी भरत असेल तर? लोखंडी कुलरमध्ये करंट उतरला असेल तर जिवावर बेततं. म्हणून ॲपवर बंद करून भागत नाही. पाणी भरण्याआधी पिन सॉकेटमधून काढायचीच. आज घरी हे नक्की सांगा!