लहान गिटार निवडताना

वर्गात गाणी घेताना साथीला एखादं वाद्य असावं, किंवा संध्याकाळी घरी बसून चार ओळखीची गाणी वाजवावीत, एवढ्यासाठी गिटार घ्यावी असं अनेक शिक्षकांच्या मनात असतं. मैफल करायची नसते, फार पैसेही घालायचे नसतात, आणि मांडीवर सहज मावेल, मुलांच्याही हाती देता येईल अशी लहान अंगाची गिटार हवी असते. दुकानात गेलं की भिंतीवर एकीपेक्षा एक चकचकीत गिटारी टांगलेल्या दिसतात. ‘अडतीस इंची घ्या, हाताला बरी पडेल,’ असं विक्रेता सांगतो, आणि बहुतेक वेळा रंग पाहून खरेदी होते.

निवड चुकली तर पैसे जातातच, पण नुकसान तेवढंच नसतं. तारा दाबताना बोटं सोलवटतात, सूर लावला तरी गाणं बेसूरच वाटतं, आणि महिन्याभरात शिकणारा ठरवून टाकतो, ‘संगीत काही आपल्याला जमायचं नाही.’ दोष असतो वाद्याचा, पण तो माणसाला, त्यातही लहान मुलांना, कायमचा चिकटतो. म्हणून गिटार कशी पारखायची ते आपण समजून घेऊ. त्यासाठी उत्तम कान असण्याची गरज नाही. आठवी-नववीचं ध्वनीविषयीचं ज्ञान, एक मोजपट्टी आणि थोडे कोरे कागद पुरेत.

लहान म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे दुकानातले ‘अडतीस इंच’, ‘एकेचाळीस इंच’ हे आकडे गिटारच्या एकूण लांबीचे असतात. खुंट्यांच्या टोकापासून खोक्याच्या बुडापर्यंतचं हे माप आहे. पिशवी घेताना ते कामाचं, पण वाजवणाऱ्याला त्यातून फारसं काही कळत नाही. त्याच्या दृष्टीने महत्त्वाची मापं दोन. पहिलं, तारेच्या कंप पावणाऱ्या भागाची लांबी, म्हणजे दांडीच्या टोकाच्या पट्टीपासून घोडीपर्यंतचं अंतर. दुसरं, खोक्याची रुंदी आणि खोली.

आज सर्रास दिसणाऱ्या मोठ्या खोक्याच्या गिटारला ‘ड्रेडनॉट’ म्हणतात. ब्रिटिश आरमाराच्या एका प्रचंड युद्धनौकेवरून हे नाव पडलं. अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने १९१६ साली हा आकार पहिल्यांदा बनवला. त्यांच्या ड्रेडनॉटची सर्वांत रुंद जागी रुंदी सुमारे ३९७ मिलिमीटर असते. त्याच कंपनीच्या जुन्या ‘शून्य’ क्रमांकाच्या गिटारची रुंदी सुमारे ३४३ मिलिमीटर असते. एकोणिसाव्या शतकात लहान गिटारच सर्वसाधारण मानली जात असे. पुढे मोठ्या जागेत, इतर वाद्यांच्या गलक्यात ऐकू जावी म्हणून गिटारी मोठ्या होत गेल्या. घरातल्या खोलीत किंवा तीस-चाळीस मुलांच्या वर्गात ती गरज नसते.

तार आखूड झाली की काय होतं?

तंबोऱ्याच्या बाबतीत आपल्याला ठाऊक आहे की पुरुष गायकांचा तंबोरा मोठा असतो आणि खालच्या सुरात लावतात. स्त्रियांचा लहान असतो आणि चढ्या सुरात लावतात. गिटारचं मात्र तसं नाही. लहान गिटारही सहसा मोठ्या गिटारच्याच सुरांत लावतात. सर्वांत जाड तार ८२.४ हर्ट्झ आणि सर्वांत बारीक तार ३२९.६ हर्ट्झ. मग आखूड तारेने फरक कशात पडतो?

याचं उत्तर प्रयोगशाळेतल्या सोनोमीटरजवळ आहे. मारँ मर्सेन या फ्रेंच विद्वानाने १६३६ साली तारेच्या कंपनांचे नियम प्रसिद्ध केले. तारेची वारंवारिता तिच्या लांबीच्या व्यस्त प्रमाणात आणि ताणाच्या वर्गमुळाच्या सम प्रमाणात बदलते. तार तीच ठेवून लांबी कमी केली आणि सूरही तोच हवा असेल, तर ताण कमी करावा लागतो, आणि तो लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात.

प्रत्यक्ष आकडे घेऊन बघू. मोठ्या गिटारची तारेची लांबी साधारण ६४५ मिलिमीटर असते. टेलर या अमेरिकी कंपनीने १९९६ साली आणलेल्या ‘बेबी’ गिटारची लांबी सुमारे ५७८ मिलिमीटर आहे. ५७८ भागिले ६४५ म्हणजे ०.८९६, आणि त्याचा वर्ग सुमारे ०.८०. म्हणजे त्याच जाडीच्या तारा त्याच सुरात लावल्या तर लहान गिटारवर ताण २० टक्क्यांनी कमी! बोटांना जाणवणारा आराम इथून येतो.

दुसरा फायदा पडद्यांमधल्या अंतराचा. गिटारवाले पडद्यांना ‘फ्रेट’ म्हणतात. बारा पडदे ओलांडले की तारेची लांबी निम्मी आणि वारंवारिता दुप्पट व्हावी, आणि मधली प्रत्येक पायरी सारख्याच पटीची असावी, अशी ही रचना असते. त्यामुळे पहिला पडदा लांबीच्या १७.८१७ व्या भागावर येतो. ६४५ च्या गिटारवर हे अंतर ३६.२ मिलिमीटर आणि ५७८ च्या गिटारवर ३२.४ मिलिमीटर असतं. चौथ्या पडद्यापर्यंतचं अंतर अनुक्रमे १३३ आणि ११९ मिलिमीटर. लहान हाताला हा चौदा मिलिमीटरचा फरक फार मोठा असतो.

ज्यांच्या घरी मोठी गिटार आधीपासून आहे त्यांनी नवी घेण्याआधी एक करून बघावं. सगळ्या तारा अर्ध्या स्वराने उतरवाव्यात आणि पहिल्या पडद्यावर ‘कॅपो’ नावाचा चिमटा लावावा. सूर पूर्ववत होतात, तारेची लांबी ६४५ वरून ६०९ होते आणि ताण सुमारे ११ टक्क्यांनी उतरतो. खर्च फक्त चिमट्याचा.

खोकं लहान झालं की काय होतं?

नुसती तार हवेला फारशी हलवू शकत नाही. वाजवलेला ट्यूनिंग फोर्क हातात धरला तर जेमतेम ऐकू येतो, पण टेबलावर टेकवला की आवाज एकदम वाढतो. गिटारमध्ये टेबलाचं काम वरची फळी, म्हणजे तबली, करते. तारेची कंपनं घोडीतून तबलीत जातात आणि तबली हवेला ढकलते.

याशिवाय खोक्यातली हवाही कंप पावते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की घुमणारा आवाज येतो, तोच हा प्रकार. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात त्याचा सखोल अभ्यास केला. मोठ्या गिटारमधल्या हवेचा हा अनुनाद १०० हर्ट्झच्या आसपास असतो. भोक तेवढंच ठेवून खोकं लहान केलं तर तो वर सरकतो. दुकानात हे सहज तपासता येतं. गिटारच्या भोकाजवळ तोंड नेऊन खालच्या सुरापासून हळूहळू वर ‘ऊ’ म्हणत जा. एका सुराला खोकं स्वतःहून घुमतं. लहान गिटारमध्ये तो सूर वरचा असल्याचं जाणवेल.

म्हणून लहान गिटारचा खर्ज उथळ असतो. पण खालचा सूर अजिबात नाहीसा होत नाही, आणि याचं कारण मोठं गमतीचं आहे. ८२ हर्ट्झची तार छेडली की तिच्यात १६५, २४७, ३३० हर्ट्झ अशी दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारितेची कंपनंही असतात. लहान खोकं ही वरची कंपनं चांगली पोचवतं, आणि त्यांच्यातलं समान अंतर ओळखून आपली श्रवणयंत्रणा मूळ सूर भरून काढते. मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकरवरही पुरुषाचा जाड आवाज ओळखू येतो, तो याचमुळे. गाण्याच्या साथीला तर कमी खर्ज सोयीचाच पडतो, कारण गाणाऱ्याचा आवाज झाकला जात नाही.

कोणतं लाकूड?

अंतोनियो दे तोर्रेस या स्पॅनिश कारागिराने १८६२ साली एक गिटार बनवली. तिची तबली लाकडाची होती, पण पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या. आवाजाचं बहुतेक काम तबली करते हे त्याला दाखवायचं होतं. ही गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत-संग्रहालयात आहे. आपल्यासाठी धडा असा, की पैसे मोजायचेच असतील तर ते तबलीसाठी मोजावेत. पाठीच्या दुर्मिळ लाकडासाठी किंवा नक्षीसाठी नव्हे.

तबली अखंड लाकडाची असते किंवा प्लायवूडची. ओळखायची खूण सोपी आहे. भोकाच्या कडेकडे बारकाईने पाहा. वरच्या रेषा सरळ कडेतून खाली उतरलेल्या दिसल्या तर लाकूड अखंड, आणि वेगवेगळे थर दिसले तर प्लाय. स्प्रूसचं अखंड लाकूड रेषांच्या दिशेने खूप ताठ आणि तरीही हलकं असतं, म्हणून ते सहज कंप पावतं. प्लायमध्ये मधला थर आडवा असतो आणि सरसही असतो, त्यामुळे आवाज थोडा दबतो.

असं असूनही शाळेच्या कपाटात राहणाऱ्या गिटारसाठी आम्ही प्लायच सुचवू. लाकूड दमट हवेत रेषांना आडव्या दिशेने फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं. कोकणातला जुलै आणि विदर्भातला मे या दोन्हींत अखंड तबलीला जपावं लागतं, नाहीतर ती फुगते किंवा तडकते. प्लायचे आडवे-उभे थर एकमेकांना आवरतात. घरी नीट सांभाळणार असाल आणि खिशाला झेपत असेल, तर अखंड तबलीची घ्यावी.

नायलॉन की पोलाद?

पोलादी तारांच्या मोठ्या गिटारवर सहा तारांचा एकत्रित ताण सुमारे ७० किलो वजनाइतका असतो, नायलॉनच्या तारांचा सुमारे ४० किलो. नायलॉन बोटांना मऊ, पण त्या गिटारची दांडी रुंद असते: टोकाशी सुमारे ५२ मिलिमीटर, तर पोलादी तारांच्या गिटारची सुमारे ४३. दोन्ही हातात धरून पाहावं. एक गोष्ट मात्र कधीही करू नये. नायलॉनसाठी बनवलेल्या गिटारवर पोलादी तारा चढवू नयेत. जवळजवळ दुप्पट ताणाने घोडी उखडते किंवा दांडी वाकते.

दुकानात करायच्या चार चाचण्या

पहिली, तारेची उंची. पाचशे कागदांचा गठ्ठा सुमारे पाच सेंटिमीटर जाड असतो, म्हणजे एक कागद ०.१ मिलिमीटर. कागदाच्या पट्ट्या एकावर एक ठेवून बाराव्या पडद्यावर तारेखाली सरकवा. पोलादी जाड तारेखाली २५ आणि बारीक तारेखाली २० पट्ट्यांच्या आसपास जागा असावी. नायलॉनला अनुक्रमे ४० आणि ३० चालतील. पस्तीस-चाळीस पट्ट्या मावणारी पोलादी गिटार मुलांच्या हाती देऊ नये. घोडीवरची पट्टी तळातून घासून उंची उतरवता येते. बारावा पडदा तारेच्या मध्यावर असल्याने तिथे अर्धा मिलिमीटर उतरवायला घोडीशी एक मिलिमीटर घासावं लागतं. यामागचे समरूप त्रिकोण मुलांना जरूर काढायला सांगा.

दुसरी, दांडीचा सरळपणा. ताणलेली तार हीच उत्तम मोजपट्टी. तार पहिल्या पडद्याशी आणि दांडी खोक्याला मिळते तिथल्या पडद्याशी एकाच वेळी दाबून धरा. मधल्या पडद्यावर दोन-तीन कागदांएवढी फट हवी. फट फार मोठी असेल तर दांडी पुढे वाकलेली आहे. अजिबात नसेल तर ती सपाट किंवा मागे कललेली आहे आणि तारा खरखरतील.

तिसरी, सुरांचा खरेपणा. बाराव्या पडद्यावर तारेला बोट नुसतं टेकवून छेडा, मग तीच तार तिथेच दाबून छेडा. दोन्ही सूर एकच यायला हवेत. तार दाबताना ती किंचित ताणली जाते आणि सूर चढतो. त्याची भरपाई म्हणून घोडी थोडी मागे, तिरकी बसवलेली असते. मोबाईलवरच्या सूर दाखवणाऱ्या अॅपने पाहा. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर पाच भागांपर्यंतचा फरक चालेल, पण पंधरा-वीस भागांचा फरक असेल तर ती गिटार कितीही वेळा लावली तरी बेसूरच राहील.

चौथी, जोड. घोडीच्या मागच्या कडेखाली कागद सरकतो का पाहा. सरकला तर सरस सुटू लागला आहे. जुनी गिटार घेताना ही चाचणी चुकवू नये. खुंट्याही फिरवून पाहाव्यात. त्या अडखळत किंवा सैल फिरता कामा नयेत.

पैसे कशावर घालावेत?

आमच्या मते क्रम असा असावा: आधी सरळ दांडी आणि खरे सूर, मग तारांची योग्य उंची, मग हाताला साजेशी तारेची लांबी, त्यानंतर तबली, आणि शेवटी रंगरूप. ठरवलेल्या रकमेतला थोडा भाग तारांचा जादा संच, पिशवी आणि कारागिराकडून घोडी घासून घेण्यासाठी बाजूला ठेवावा. साध्या प्लायची, पण नीट जुळवलेली गिटार महागड्या, न जुळवलेल्या गिटारपेक्षा जास्त दिवस वाजते.

आणलेली गिटार कपाटात बंद करून ठेवू नका. ध्वनीचा पाठ आला की ती वर्गात न्या. पडद्यांची अंतरं मुलांना मोजू द्या, तारेची लांबी आणि सूर यांचा तक्ता करू द्या. आणि त्यानंतर एखादं गाणंही होऊ द्या.