वाचून जालें की परत दी

‘मृत्युंजय’ कादंबरीची ती प्रत वास्कोच्या आमच्या घरी आली तेव्हा तिला वर्तमानपत्राचं कव्हर होतं, कण्याला डिंकपट्टी होती. पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने पाच आडनावं एकाखाली एक लिहिलेली. शेजारच्या वहिनी दारात उभ्या राहून म्हणाल्या, “हें वाच गो. वाचून जालें की म्हाका परत दी, भयणीक पेडणें धाडपाचें आसा.”

पुस्तक मराठी आणि शिफारस कोकणी. गोव्यातल्या वाचनाची ही खरी खूण, आणि मला ती फार मोलाची वाटते. पोर्तुगीज अमलात सरकारी शिक्षण मुख्यतः पोर्तुगीज भाषेत होतं. मराठी तगली ती खाजगी शाळांत, देवळांतल्या भजन-कीर्तनात आणि घरोघरच्या पोथ्यांत. पणजीचं सरकारी ग्रंथालय १८३२ पासूनचं, पण पेडणे-डिचोलीच्या खेड्यातल्या बाईला पणजी लांबच. तिच्यापर्यंत कादंबरी पोचायची ती ओळखीच्या माणसाच्या पिशवीतून.

पेडण्याचं तर नवलच. तेरेखोलची खाडी ओलांडली की थोड्याच अंतरावर शिरोडा. वि. स. खांडेकर तिथे १९२० ते १९३८ शिक्षक होते. १९३४ साली ‘उल्का’ आणि ‘दोन ध्रुव’ आल्या तेव्हा ते याच गावात राहत होते. म्हणजे मराठीतला एक मोठा कादंबरीकार पेडण्याच्या शेजारीच होता, पण मध्ये दोन राज्यांची हद्द होती. १९५५ मध्ये भारताने ती हद्द बंद केली, कॅसलरॉकवरून मुरगावला येणारी रेल्वेही थांबली. बाहेरून नवं येण्याची वाट अशी अरुंद झाली की घरात असलेलं पुस्तक अधिक हात फिरतं, असं मला वाटतं.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि पुढे मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. त्या शाळांत शिकलेल्या मुली मोठ्या झाल्या, लग्न होऊन वास्कोला आल्या, आणि त्यांच्या ट्रंकेत कादंबऱ्या आल्या. आमच्या वहिनी त्यांतल्याच. १९६७ साली आलेली ‘मृत्युंजय’ त्यांनी कितव्यांदा वाचली होती, कोण जाणे. पण सुचवताना त्या ‘बरी आसा’ एवढ्यावर कधी थांबत नसत. ज्याला दिलं त्याने वाचलं नाही तर ती त्यांना स्वतःची चूक वाटे. माणूस ओळखण्यात आपण कमी पडलो, असं म्हणत.

आठ दिवसांनी मी प्रत परत नेली. कोऱ्या पानावर सहावं आडनाव आमचं होतं. वहिनींनी ते पाहिलं, पुस्तक मिटलं आणि पाट पुढे सारला.

“बस. वृषाली सांगता तो भाग वाचलो मगो? आतां सांग.”