मुडदुशीचं तोंड लहान, गळही लहानच हवा

आपल्या निपाणी-बेळगावकडच्या माणसाचं मासेमारीचं शिक्षण वेदगंगेच्या, हिरण्यकेशीच्या डोहावर नाहीतर हिडकल धरणाच्या काठावर होतं. जाड गळ, कणकेची गोळी आणि भरपूर धीर एवढं असलं की काम भागतं. धरणाचं पाणी कुठे पळून जात नाही.

एवढ्याच भांडवलावर मी, दाजी आणि अकरा वर्षांचा भाचा असे तिघे आजरा-आंबोली-सावंतवाडीमार्गे तेरेखोल खाडीवर गेलो. ही नदी खालच्या टप्प्यात महाराष्ट्र आणि गोव्याची सीमा आहे. सीमेवर राहायची आपल्याला सवयच, त्यामुळे तिथं परकं वाटलं नाही. ओहोटीला पाण्याबाहेर आलेल्या वाळूच्या पट्टीवर उभं राहून आम्ही गळ टाकले. दोन तासांत आमिष चारदा कुरतडून गेलं, मासा एकही लागला नाही.

इतक्यात काठावरून एक म्हातारे आजोबा ओरडले, "अहो, मागे बघा, भरती इली!" वळून बघतो तर पट्टी आणि काठ यांमधला चर भरत आला होता. भाच्याला दाजींनी खांद्यावर घेतलं आणि मांडीभर पाण्यातून आम्ही बाहेर आलो. आजोबांनी आमचा गळ हातात घेतला आणि हसले. "ही गरी मोरीक बरी. मुडदुशीचा तोंड बघलात काय?" तिकडे गळाला गरी म्हणतात आणि मोरी म्हणजे शार्क.

हा मासा कोणता?

मालवणीत मुडदुशी, मुंबई-रत्नागिरीकडे रेणवी, कारवार-मंगळूरकडे काणे. बेंगळुरूच्या हॉटेलात तुम्ही जो काणे रवा फ्राय खाता, तो हाच. शास्त्रीय नाव सिल्लागो सिहामा. इंग्रजीत याला व्हायटिंग म्हणतात आणि इथेच घोटाळा होतो. इंटरनेटवर व्हायटिंग शोधलं की इंग्लंडच्या थंड समुद्रातला, कॉडच्या कुळातला वेगळाच मासा समोर येतो. त्याचं तोंड मोठं, त्याला गळही मोठा. आपल्या मुडदुशीची भावंडं बघायची तर ऑस्ट्रेलियातल्या गळवाल्यांचे व्हिडिओ बघावेत.

मुडदुशी वाळूवर राहते, घाबरली की वाळूतच शिरते. निमुळत्या थुतरीच्या टोकाला इवलंसं तोंड असतं. त्यानं ती वाळूतले किडे आणि बारीक कोळंबी टिपते.

गळ आणि बांधणी

गळाचे नंबर उलटे चालतात. ८ नंबरचा गळ ६ नंबरपेक्षा लहान असतो, तर १/० चा त्याहून कितीतरी मोठा. आम्ही १/० नेला होता. मुडदुशीला ६ किंवा ८ नंबरचा, बारीक तारेचा आणि लांब दांड्याचा गळ घ्यावा. लांब दांड्यावर किडा सरळ ओवता येतो आणि मासा लागल्यावर गळ काढणं सोपं जातं. सोललेल्या कोळंबीचा करंगळीच्या नखाएवढा तुकडा पुरे. गळाचं टोक किंचित बाहेर राहू द्यावं.

बांधणी दोन प्रकारची ठेवा. पाणी संथ असेल तर सरकतं शिसं. मुख्य दोरी भोकाच्या शिशातून ओवायची, खाली एक मणी आणि फिरकी बांधायची. फिरकीपासून हातभर बारीक नायलॉन आणि टोकाला गळ. मासा आमिष ओढतो तेव्हा दोरी शिशातून सरकते, त्याला वजन जाणवत नाही.

ओढ जास्त असेल तर शिसं तळाला बांधावं आणि त्याच्या वर वीत-वीत अंतरावर दोन आखूड फांद्यांना दोन गळ. शिसं पाण्याच्या ओढीप्रमाणे बदलायचं. १५ ते २० ग्रॅमपासून सुरुवात करा, वाहून जात असेल तर वाढवा. शिसं एका जागी रुतून बसण्यापेक्षा वाळूवर हळूहळू सरकलेलं बरं. मधूनमधून रीळ सावकाश फिरवावं, हलणारं आमिष मुडदुशीला लवकर दिसतं. टकटक जाणवली की झटका देऊ नका, दोरी नुसती ताठ करा.

भरतीचं गणित

ओहोटीनंतर साधारण सहा तासांनी भरती पूर्ण होते आणि रोजची वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाण्याची चढउतार कमी. चढत्या पाण्याबरोबर मुडदुशी उथळ वाळूवर चरायला येते, म्हणून गळाला तीच वेळ चांगली. आणि धोक्याचीही तीच. वाळूची पट्टी उंच असते, तिच्या मागचा चर खोल. पाणी आधी मागून भरतं आणि समोर बघणाऱ्याला ते कळत नाही. म्हणून भरतीच्या वेळा आधी बघून जा, पाणी फिरलं की पट्टी सोडा आणि काठावरूनच गळ टाका. मुलं बरोबर असतील तर पट्टीवर जाऊच नका. पावसाळ्यात खाडीचा नाद सोडा, दसऱ्यानंतर बघू.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही परत गेलो. ८ नंबरचे गळ, सरकतं शिसं आणि तिघंही काठावर. सात मुडदुशा मिळाल्या. त्यातल्या तीन बोटभर लांबीच्या होत्या, त्या भाच्यानं स्वतःच्या हातानं गळातून सोडवून पाण्यात सोडल्या. लांब दांड्याच्या गळामुळे त्यांना फारशी इजा झाली नव्हती. उरलेल्या चार ताईनं रवा लावून तळल्या. पानं वाढली पाच आणि मासे चार. दाजींनी आपला वाटा भाच्याच्या पानात सरकवला आणि म्हणाले, "खा लेका, मागल्या वेळी खांद्यावर बसून आलास, आता मासा घेऊन आलास."